आधी दार लावायचे, मग विचारायचे

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी शहरात नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली. तेव्हापासून एक वाक्य माझ्या कानावर इतक्या वेळा आले आहे, की त्याला लेखी उत्तर देणे मला कर्तव्य वाटू लागले आहे. ‘एकही नॉर्म नाही आणि ग्रँडमास्टर!’ कधी हे एखाद्या खेळाडूच्या वडिलांच्या तोंडून येते, कधी जिल्हा स्पर्धेच्या पंचांच्या टेबलापाशी, कधी चाळीस वर्षे बुद्धिबळ खेळलेल्या जाणत्यांकडून. सूर एकच असतो, की पोरीला मागच्या दाराने आत घेतले.

मी गेली सतरा वर्षे मुलांना बुद्धिबळ शिकवते. नॉर्म म्हणजे काय आणि तो मिळवताना माणसाचा किती जीव जातो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या घरात पाहिले आहे. ग्रँडमास्टर होण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे तीन नॉर्म आणि कधीतरी एकदा २५०० रेटिंग. नॉर्मसाठी नऊ-नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत २६०० च्या तोडीची कामगिरी करावी लागते, समोर परदेशी खेळाडू आणि पदवीधारक ठरावीक संख्येने असावे लागतात. त्यासाठी युरोपातल्या स्पर्धांना जावे लागते, पैसा ओतावा लागतो. तो रस्ता खडतर आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तो एकमेव रस्ता कधीच नव्हता. काही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्याला फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना थेट पदवी देते, आणि ही तरतूद पुरुषांनाही आहे. दक्षिण आफ्रिकेचा केनी सॉलोमन २०१४ साली आफ्रिका खंडाचा विजेता ठरला आणि त्या विजयाने थेट ग्रँडमास्टर झाला, त्या देशाचा पहिला. त्याच्याविषयी वाद झाला तो स्पर्धेच्या ताकदीचा. तो पुरुष आहे म्हणून त्याला ही सवलत मिळाली, असे कोणी म्हटले नाही.

दिव्याच्या स्पर्धेची ताकद बघा मग. तिला मानांकन होते पंधरावे. वाटेत तिने दुसरे मानांकन असलेली चीनची झू जिनर हरवली, आपली हरिका द्रोणवल्ली हरवली, उपांत्य फेरीत जगज्जेतेपद भूषवलेली तान झोंगयी हरवली आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपी. दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटल्यावर जलद डावांच्या टायब्रेकमध्ये तिने हंपीला दीड-अर्ध्याने मागे टाकले. २५०० ची रेषा तर तिने २०२४ मध्येच ओलांडली होती. नियम आधीपासून लिहिलेला होता, स्पर्धा सर्वांसमोर झाली. यात मागचे दार कोणते, ते मला कोणी दाखवावे.

खरे म्हणजे दुखणे नॉर्मचे नाही. ते कशाचे आहे, हे मी एका शाळेच्या सभागृहात ऐकले. नऊ वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीने एका मुलाला घोडा आणि वजिराच्या सुंदर जोडचालीने मात दिली. मुलाने हात मिळवला, तोही थोडा हसला, कारण मात खरोखर सुंदर होती. बाहेर आल्यावर त्याच्या वडिलांनी विचारले, ‘पोरीकडून हरलास?’ मग तो रडू लागला. हरल्याचे दुःख त्याला झालेच नव्हते. ते त्याला तिथे, दारात, शिकवले गेले. आणि ती मुलगी दोन पावलांवर उभी राहून ऐकत होती. तिलाही त्या दिवशी काहीतरी शिकवले गेले.

या विचाराची जात जुनी आहे. बॉबी फिशर १९६२ साली म्हणाला होता, की जगातल्या कोणत्याही बाईला तो एक घोडा कमी ठेवून हरवील. २०१५ साली इंग्लंडच्या नायजेल शॉर्टने लिहिले, की स्त्री-पुरुषांच्या मेंदूची जडणघडणच वेगळी आहे आणि बुद्धिबळातली तफावत आपण निमूट मान्य करावी. शॉर्ट हा साधा माणूस नव्हे. १९९३ मध्ये तो कास्पारोव्हशी जगज्जेतेपदाची लढत खेळला आहे. पण हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारशी त्याचा आयुष्यभराचा हिशेब काय आहे? ज्युडिटने आठ डाव जिंकले, शॉर्टने तीन, पाच बरोबरीत सुटले. फिशरचे म्हणाल तर सर्वांत लहान वयात ग्रँडमास्टर होण्याचा विक्रम १९५८ पासून त्याच्याच नावावर होता. १९९१ मध्ये तो मोडला ज्युडिटने, वयाच्या पंधरा वर्षे चार महिन्यांत, तेही हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा पुरुषांना मागे टाकून. महिलांमधला तिचा विक्रम पुढे २००२ साली आंध्रच्या कोनेरू हंपीने मोडला. ज्युडिट २७३५ रेटिंगपर्यंत गेली, जगात आठव्या क्रमांकावर पोचली, २००२ मध्ये मॉस्कोत जलद डावात तिने कास्पारोव्हला हरवले. स्त्रियांच्या खेळाबद्दल कास्पारोव्हची मते आधी फार वेगळी होती. पोल्गार बहिणींनी ती बदलायला लावली, हे त्याने पुढे मान्य केले. त्या कबुलीबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

‘ज्युडिट अपवाद आहे’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. अपवाद कसा घडतो, ते मात्र कोणी पाहत नाही. लास्लो आणि क्लारा पोल्गार यांनी तीन मुलींना घरीच शिकवले. घर हीच प्रशिक्षणशाळा. लास्लोने जमवलेल्या कोड्यांतून पुढे ५३३४ कोड्यांचे जाडजूड पुस्तक निघाले, ते आज जगभरच्या वर्गांत असते, माझ्याही आहे. तिन्ही मुली मोठ्या खेळाडू झाल्या. तीनपैकी तिघी. निसर्गाने एकाच आईवडिलांच्या पोटी तीन अपवाद घातले, असे मानायचे, की वागणूक बदलली आणि फळ बदलले, असे मानायचे? आणि एवढे करूनही दारे उघडी नव्हतीच. थोरली सुसान १९८६ साली जगज्जेतेपदाच्या पात्रता फेरीसाठी हक्काने पात्र ठरली, पण स्पर्धा ‘पुरुषांची’ म्हणून तिला खेळू दिले नाही. त्याच सुमारास फिडेने सर्व महिला खेळाडूंच्या रेटिंगमध्ये शंभर गुण वाढवले, एकट्या सुसानला सोडून. कारण असे दिले गेले, की बायका आपसातच खेळत असल्याने त्यांचे रेटिंग खाली राहते, सुसान मात्र पुरुषांशी खेळून गुण मिळवते. हिशेबाच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. पण परिणाम काय झाला, तर पुरुषांशी झुंजून महिलांमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेली एकमेव मुलगी एका रात्रीत त्या क्रमांकावरून खाली आली.

माझ्या मुद्द्याचा गाभा मात्र पोल्गारांच्या बुडापेस्टपेक्षा जवळ आहे, आणि तो सांगताना मला दोन तारखा शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत.

पहिली १९२९. कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत व्हेरा मेंचिक या एकट्या बाईला जागा मिळाली. ती दोन वर्षांपूर्वी महिलांची पहिली जगज्जेती झाली होती. व्हिएन्नाचा आल्बर्ट बेकर याने स्पर्धेआधी थट्टा केली, की जो हिच्याकडून हरेल त्याला ‘व्हेरा मेंचिक क्लब’चा सभासद करून घेऊ. थोड्याच दिवसांत बेकर स्वतः तिच्याकडून हरला आणि क्लबाचा पहिला सभासद झाला. त्या स्पर्धेत ती शेवटच्या क्रमांकावर राहिली, हेही खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. पण ती खेळत राहिली आणि सभासद वाढत गेले. पंजाबचा अद्वितीय खेळाडू सुलतान खान त्यात होता. हॉलंडचा मॅक्स युवे तर हेस्टिंग्जच्या लागोपाठच्या दोन स्पर्धांत तिच्याकडून हरला. हाच युवे १९३५ मध्ये अलेखाइनला हरवून जगज्जेता झाला. मेंचिक १९४४ साली लंडनवरच्या जर्मन उडत्या बाँबच्या हल्ल्यात घरातच मारली गेली, तेव्हा ती अडतीस वर्षांची होती आणि जगज्जेतीच होती.

दुसरी तारीख १९७६. भारतात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. १९७४ ची पहिली स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरने जिंकली होती. नंतर जयश्री आणि रोहिणी. ‘नवाकाळ’कार नीळकंठ खाडिलकरांच्या या तीन मुलींनी सुमारे दहा वर्षे ते विजेतेपद घराबाहेर जाऊ दिले नाही. जयश्रीने ते चार वेळा मिळवले, रोहिणीने पाच वेळा. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ! तिने खेळू नये म्हणून आक्षेप आले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या वेळी फिडेचे अध्यक्ष होते मॅक्स युवे. त्यांनी निवाडा दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रीला स्त्री म्हणून मज्जाव करता येणार नाही. पटापलीकडे बसून व्हेरा मेंचिकसमोर दोनदा राजा आडवा केलेला माणूस चार दशकांनंतर मुंबईच्या एका शाळकरी मुलीसाठी दार उघडे ठेवायला सांगत होता. रोहिणीने त्या स्पर्धेत तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवले. पुढे १९८१ आणि १९८३ मध्ये ती आशियाई विजेती झाली.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. १९७६ म्हणजे पुराणकाळ नाही. माझी आई तेव्हा कॉलेजात होती. त्या वर्षीपर्यंत आपल्या देशात एखाद्या मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत नाव घातले तर ते नियमात बसते का, याचा निर्णय व्हायचा होता. जगात ग्रँडमास्टर ही पदवी १९५० पासून दिली जाते. ती एका स्त्रीला पहिल्यांदा मिळाली १९७८ साली, जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विलीला. म्हणजे मुलांचे खेळणे गृहीत धरलेले, आणि मुलींचे खेळणे कोर्टकचेऱ्यांतून मिळवलेले. अशा शर्यतीत एका बाजूने पन्नास वर्षे आधी धाव सुरू केली, आणि आता पुढे असलेले लोक मागे वळून विचारतात, की तुमच्या पायांत काही जन्मजात खोट आहे का.

तफावत मोठी आहे, हे मी नाकारत नाही. सध्या जगातल्या पहिल्या शंभरात एकही स्त्री नाही. दिव्या भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर, आणि त्या अठ्ठ्याऐंशींत स्त्रिया चार : हंपी, हरिका, वैशाली, दिव्या. हे आकडे तोंडावर फेकले जातात. पण आकड्यांशी प्रामाणिक राहायचे तर पुढचा आकडाही घ्यावा लागतो. २००९ साली बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या सुमारे एक लाख वीस हजार खेळाडूंच्या रेटिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे सोळा पुरुषांमागे एक स्त्री खेळत होती. एका मोठ्या टोपलीत सोळाशे आंबे आणि लहान टोपलीत शंभर, झाड एकच. दोन्ही टोपल्यांतले सर्वांत मोठे आंबे निवडले तर मोठ्या टोपलीतला आंबा जवळजवळ नेहमीच भारी भरेल. हा संख्येचा गुण आहे, झाडाचा नाही. त्या अभ्यासात पहिल्या शंभर-शंभर खेळाडूंमधली ९६ टक्के तफावत या एकाच कारणाने उलगडली. वर्षभरात दुसऱ्या एका संशोधकाने गणिताची रीत सुधारून हा वाटा सुमारे दोन तृतीयांशच भरतो, असे दाखवले. मी हाच दुसरा, माझ्या बाजूला कमी सोयीचा आकडा धरून चालते. मग उरलेला एक तृतीयांश कुठे गेला? मेंदूत, असे म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या वर्गात यावे.

आठ वर्षांच्या गटात माझ्याकडे मुली जवळपास मुलांइतक्याच असतात. कोडी सोडवायला त्या कुठेही कमी नाहीत, उलट चिकाटीत पुष्कळदा पुढे असतात. बारा-तेरा वर्षांच्या गटात पाचांत एक उरते. मधल्या काळात काय होते? स्पर्धा दुसऱ्या गावाला असते, मुलाबरोबर शेजारचा काका चालतो, मुलीबरोबर आईच लागते आणि आईला रजा नसते. एकाच घरात भाऊ-बहीण दोघे खेळत असतील तर महागडा प्रशिक्षक भावाला लावला जातो. सभागृहात मुलींसाठी धड स्वच्छतागृह नसते, आणि चार-चार तासांचा डाव खेळायचा असतो. दहावी आली की ‘आता पुरे’ हे वाक्य मुलीला आधी ऐकावे लागते. यातली एकही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आलेखात दिसणार नाही. ती गैरहजेरीच्या वहीत दिसते.

आणि ज्या टिकतात त्यांच्या डोक्यावर एक अदृश्य ओझे असते. इटलीतल्या संशोधकांनी एक प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. सारख्या ताकदीच्या स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्या, संगणकावरून सामने, समोरचा कोण ते दिसत नाही. समोर पुरुष आहे असे सांगितले की स्त्रियांचा खेळ खालावत होता. त्याच खेळाडूशी खेळताना समोर बाई आहे असा समज करून दिला की त्या बरोबरीने खेळत होत्या. प्रतिस्पर्धी तोच, मेंदूही तोच. बदलली ती फक्त कानावर पडलेली माहिती. ‘पोरीकडून हरलास?’ हे वाक्य कुठवर पोचते ते मला या प्रयोगाने कळले. म्हणूनच मी वर्गात कोडी देताना चिठ्ठीवर नाव लिहू देत नाही, नंबर घालते. कोड्याला सोडवणाऱ्याचे नाव लागत नाही. तिथे राजा कुठे कोंडला आहे एवढेच बघायचे असते, आणि त्या अर्ध्या तासात माझ्या मुली जशा खेळतात तसे त्यांनी स्पर्धेत खेळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

स्पर्धेत मात्र नाव असते, चेहरा असतो, कपडे असतात. जानेवारी २०२४ मध्ये विक आन झे इथल्या स्पर्धेनंतर दिव्याने जाहीरपणे लिहिले, की प्रेक्षक तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब यांवर बोलतात, खेळ सोडून सगळ्यावर बोलतात. तिथे ती मिश्र गटात, पुरुष ग्रँडमास्टरांशी खेळत होती. अठरा वर्षांच्या मुलीने हे लिहिणे सोपे नव्हते. माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलींनी ते वाचले आणि मला इतकेच म्हणाल्या, ‘ताई, आपल्याला वाटतं ते तिलाही वाटतं.’

आता दुसऱ्या बाजूच्या आक्षेपाकडे येते. तो मला अधिक अवघड जातो, कारण तो आमचे भले चिंतणाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात, मेंदू सारखाच असेल तर महिलांच्या वेगळ्या स्पर्धा कशाला? वेगळे विजेतेपद म्हणजे कमीपणाची कबुलीच. स्वतः ज्युडिट पोल्गार हेच म्हणत आली आहे. ती महिलांच्या जगज्जेतेपदासाठी कधी खेळलीच नाही. महिला ग्रँडमास्टर या वेगळ्या पदवीबद्दल माझे मत तिच्याशी जुळते. साध्या ग्रँडमास्टरपेक्षा खालची अट ठेवून त्याच नावाची पदवी देण्याने मुलींच्या डोळ्यांसमोरचे शिखर बुटके होते. ती पदवी हळूहळू बंद व्हावी. पण स्पर्धांबद्दल मी ज्युडिटच्या विरुद्ध उभी आहे, आणि अदबीने उभी आहे. तिच्या घरात दिवसाचे आठ-आठ तास शिकवणारे आईवडील होते. सांगली किंवा चंद्रपूरच्या मुलीकडे ते नसतात. तिच्यासाठी महिलांची स्पर्धा म्हणजे बक्षिसाची रक्कम, पुढच्या स्पर्धेचे तिकीट, वर्तमानपत्रातला फोटो, आणि त्या फोटोमुळे ‘आणखी एक वर्ष खेळू दे’ म्हणून बापाचे वळलेले मन. तो जिना काढून घेऊन तिला गच्चीवर उडी मारायला सांगणे ही समानता नाही.

जिन्याने काय होते ते जॉर्जियाने दाखवले आहे. नोना १९६२ ते १९७८ जगज्जेती राहिली. तिला हरवले तिच्याच देशाच्या सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेने. त्या दोघींच्या मागे मुलींची रांग लागली, आणि स्वतंत्र झाल्यावर त्या देशाने १९९२, १९९४, १९९६ असे लागोपाठ तीन वेळा महिला ऑलिंपियाडचे सुवर्ण नेले. आज त्या देशाची वस्ती नागपूर जिल्ह्यापेक्षा कमी आहे. तिथल्या बायकांचे मेंदू काही वेगळ्या मातीचे नाहीत. तिथे गावागावांत मुलींना शिकवणारे होते, त्यांच्या नावाला मान होता. आपल्याकडे सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने हेच लहान प्रमाणावर केले, आणि त्या एका शहरातून भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे आल्या. भाग्यश्रीताईंनी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, १९९१ मध्ये आशियाई विजेतेपद. एक खोली, काही पट, आणि मुलींना आत येऊ देणारा एक माणूस, एवढ्या भांडवलावर हे झाले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मला पुन्हा एकदा ऐकवले गेले. गोव्यात फिडेचा विश्वचषक झाला. २०६ खेळाडू, त्यांत स्त्री एकटी दिव्या, तीही वाइल्ड कार्डवर. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या ग्रँडमास्टरने तिला दोन-शून्याने हरवले. ‘बघा,’ असे संदेश मला आले, ‘खऱ्या स्पर्धेत काय झाले ते.’ मी बघितले. त्याच स्पर्धेत जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत बाद झाला, प्रज्ञानंद चौथ्या. बाद पद्धतीची स्पर्धा अशीच असते. गुकेश हरला तेव्हा पुरुषांच्या मेंदूविषयी कोणी निष्कर्ष काढला नाही. दिव्या हरली तेव्हा ती एकटी हरली नाही, तिच्याबरोबर निम्मी मानवजात हरल्याचे जाहीर झाले. दोनशे पाच जण आपापला डाव खेळत होते, एकटीवर मात्र सगळ्यांचा डाव लादला होता.

याच काळात एका ज्येष्ठ खेळाडूने मला काळजीने सांगितले, की दिव्याने एक काहीतरी ठरवावे. महिलांचे जगज्जेतेपद हवे तर तिकडे लक्ष द्यावे, पुरुषांत खेळायचे तर ते नाद सोडावेत. दोन्हीच्या मागे लागली तर दोन्ही हातचे जाईल. त्यांना मी रेटीच्या कोड्याची आठवण करून दिली. १९२१ साली रिचर्ड रेटीने रचलेले, पटावर फक्त दोन राजे आणि दोन प्यादी. पांढरा राजा एच ८ च्या कोपऱ्यात, त्याचे प्यादे सी ६ वर. काळा राजा ए ६ वर, त्या पांढऱ्या प्याद्याला टिपायच्या तयारीत, आणि त्याचे स्वतःचे प्यादे एच ५ वर, वजीर व्हायला निघालेले. चाल पांढऱ्याची, डाव बरोबरीत सोडवायचा. पहिल्या नजरेला सगळे संपलेले दिसते. काळ्या प्याद्यामागे धावावे तर ते दोन घरे पुढे आहे. आपल्या प्याद्याला वाचवायला जावे तर तेही फार दूर. माझ्या वर्गातली हुशार मुले यातली एक दिशा निवडतात आणि हरतात.

उत्तर तिरप्या वाटेत आहे. राजा जी ७ वर येतो, मग एफ ६ वर, मग ई ५ वर. पटावर तिरके गेले तरी घरे तितकीच मोजावी लागतात, आणि प्रत्येक पावलाने तो दोन्ही प्याद्यांच्या जवळ सरकत असतो. काळ्याने सी ६ चे प्यादे मारण्यात वेळ घालवला तर पांढरा राजा एफ ४ वरून एच पट्टीतले प्यादे गाठतो. काळ्याने प्यादे पुढे रेटले तर तो डी ६ वर जाऊन आपल्या प्याद्याला वजीर करतो. एकाच प्याद्याचा विचार केला असता तर दोन्ही गेली असती. दोन्हींचा एकदम विचार केला म्हणून डाव वाचला.

दिव्या तेच करते आहे. बातुमीच्या विजयाने तिला महिलांच्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा मिळाली होती. ती जागा हातात ठेवून दिव्या सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदला ग्रँड स्विस खेळायला गेली, आणि तिथे खुल्या गटात उतरली. त्याच स्पर्धेचा महिला गट चेन्नईच्या वैशालीने लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकला. खुल्या गटात एका फेरीत नागपूरच्या मुलीसमोर जगज्जेता गुकेश बसला होता. डाव बरोबरीत सुटला.